गंजलेली डिस्क आणि डाव्या चाकाची साक्ष

25 ऑगस्टला सकाळी भाच्याचा फोन आला, त्याच्या पाठोपाठ फोटो. "मामा, गाडीची डिस्क सडली. आता चालवायची का नको?" फोटोत पुढच्या चाकाच्या अलॉयच्या काड्यांमधून ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, दिसत होती, अगदी विटकरी. जणू कुणी गेरू फासला होता.

ही गाडी माझीच. साधी पेट्रोल हॅचबॅक, 61,000 किलोमीटर चाललेली. पुढे डिस्क, मागे ड्रम. 8 जूनला गुहागरजवळच्या घरी खळ्यात लावली आणि मी बसने पुण्याला आलो. म्हणजे 78 दिवस ती तिथेच उभी. घरापासून समुद्र तीनशे मीटरवर, वर नारळाची झाडं, गाडीवर प्लास्टिकचं कव्हर. गाडी गंजवण्याचा प्रयोग करायचा ठरवला असता तरी याहून चांगली मांडणी जमली नसती.

गणपती दोन दिवसांवर होते आणि बाजारहाटाला गाडी लागणार होती. तोच फोटो मी शहरातल्या एका गॅरेजला पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: दोन्ही डिस्क, त्यांना दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवणाऱ्या पॅडचा सेट आणि मजुरी धरून 11,800 रुपये. फोटोवरून. चाक न उघडता. डिस्क बदलल्या असत्या तर गाडी आठवडाभर छान चालली असती आणि खरा बिघाड तसाच राहिला असता, हे मला नंतर कळलं.

विटकरी रंगाला घाबरायचं कारण नसतं

मोटारीची डिस्क बहुतेक वेळा करड्या ओतीव लोखंडाची असते. हे लोखंड उष्णता चांगली खेचून घेतं, त्यातल्या ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांमुळे कंप दाबला जातो, आणि ते स्वस्त पडतं. पण ते उघडं असतं. पॅड जिथे घासतो त्या पृष्ठभागावर रंग किंवा मुलामा टिकूच शकत नाही, दोन-चार ब्रेकमध्येच तो खरवडून जातो. त्यामुळे गाडी धुऊन रात्रभर उभी केली तरी सकाळी डिस्कवर पिवळसर-तांबूस पावडर दिसते. फाटकातून बाहेर पडून पहिल्या वळणावर ब्रेक दाबला की ती गेली. तिला गंज म्हणायचं तेही नावापुरतं.

भाच्याने यावर बरोबर शंका काढली. शेजारी त्याची मोटारसायकल तशीच पावसात उभी होती आणि तिची डिस्क लख्ख होती. याचं कारण धातूत आहे. मोटारसायकलच्या डिस्क बहुधा स्टेनलेस पोलादाच्या असतात. उष्णता वाहून नेण्यात स्टेनलेस मागे पडतं, पण दीडशे किलोची गाडी थांबवायला ते पुरतं. टनभराच्या मोटारीला ओतीव लोखंडच परवडतं, आणि त्याबरोबर हा रंगही पत्करावा लागतो.

समुद्राकाठी यात मिठाची भर पडते. हवेतल्या क्षाराचा थर डिस्कवर बसतो, आणि हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. पावसाळ्यात कोकणातली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी डिस्कवर खारट पाण्याची एक पातळ चादर राहतेच. वर प्लास्टिकचं कव्हर टाकलं की आतली दमट हवा बाहेर पडत नाही. मी ते कव्हर गाडी जपायला घातलं होतं.

असो. 78 दिवसांचा गंज सकाळच्या पावडरीपेक्षा जाड असतो हे खरं. पण मला उत्तर हवं होतं ते वेगळ्याच प्रश्नाचं: हा गंज ब्रेकने निघतो का, आणि चारही चाकांवर सारखाच निघतो का?

पहिला अडथळा मागे होता

26 तारखेला मी पोचलो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढे-मागे जांभ्याचे दगड लावले होते आणि हँडब्रेक मुद्दाम सोडून ठेवला होता. मधे कधीतरी भाच्याने लाकडं उतरवायला गाडी चार हात सरकवली होती आणि सवयीने हँडब्रेक ओढला होता. त्याला दोष देत नाही, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तेच शिकवतात.

झालं असं की मागचं डावं चाक जागचं हलेना. ड्रम म्हणजे मागच्या चाकाबरोबर फिरणारा बंद डबा. त्याला आतून दाबून चाक थांबवणारी पट्टी, म्हणजे लायनर, गंजाने ड्रमला चिकटली होती. हँडब्रेकचा दांडा खाली होता, केबल सैल झाली होती, पण आत लायनरने ड्रम सोडला नव्हता. अशा वेळी लोक क्लच सोडून इंजिनाचा जोर लावतात. तो फार लावू नये, कारण लायनर ड्रमला तसाच चिकटून राहतो आणि त्याच्या पत्र्यावरून सुटून येतो. मग गाडी हलते, पण ड्रमच्या आत लायनरचे तुकडे फिरत राहतात. आम्ही चाक काढलं, लाकडाचा ठोकळा मधे धरून ड्रमच्या कडेला चारी बाजूंनी हातोडीचे हलके ठोके दिले. पाचव्या-सहाव्या ठोक्याला आतून "कट्ट" आवाज आला आणि ड्रम हाताने फिरायला लागला.

पुढच्या डिस्क बघायला स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं आणि फोनचा टॉर्च मारला. बाहेरून अलॉयमधून दिसते ती डिस्कची एकच बाजू. आतली बाजू मागच्या पत्र्याच्या आडोशाला असते, तिथे ओल जास्त वेळ टिकते, आणि ती बघायला कुणी वाकत नाही. इथे चारही पृष्ठभाग सारखेच विटकरी होते. नखाने खरवडलं की पावडर निघत होती, पापुद्रे निघत नव्हते. तडे नव्हते. कडेला जो उंचवटा असतो, जिथपर्यंत पॅड पोचत नाही, तिथे जाड गंज होता. तो तिथे कायमच असतो. मधल्या टोपीसारख्या भागावरही होता, त्याचंही काही नाही. अलॉय व्हील सर्रास झाल्यापासून हा टोपीचा गंज बघून घाबरणारे वाढले आहेत. लोखंडी रिम आणि प्लास्टिकच्या वाटीच्या काळातही तो होताच, फक्त दिसत नव्हता.

ब्रेक ऑइल पातळीत होतं. पेडल घट्ट होतं. गाडीखाली डोकं घालून ब्रेकच्या लोखंडी नळ्या पाहिल्या. मागच्या बाजूला एका क्लॅम्पपाशी नळीवर गंज फुगलेला दिसला. ही गोष्ट मी वहीत टिपली, कारण डिस्कच्या गंजापेक्षा नळीचा गंज फार वाईट. डिस्क गंजली तर ब्रेक कमी लागेल किंवा आवाज येईल. नळी फुटली तर पेडल खाली जाईल.

चाचणी: चिपळूणपर्यंत

घरासमोरच्या रस्त्यावर दहाच्या वेगाने सुरुवात केली. पहिल्या ब्रेकला दगडावर खोरं ओढावं तसा आवाज आला. पाचव्या-सहाव्या ब्रेकपर्यंत तो खरखरीवर आला. मुख्य रस्त्याला लागल्यावर, मागे कुणी नाही असं बघून, ताशी 40 वरून 10 पर्यंत असे बारा ब्रेक मारले. मधे थोडं अंतर सोडलं, म्हणजे डिस्क थंड होते. जोरात थांबून पाय दाबून ठेवायचा नाही, गरम डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो.

ठसा तसा आधीच उमटला होता. इतके दिवस पॅड जिथे टेकून बसला होता, तिथे डिस्कवर पॅडच्याच आकाराचा डाग होता. त्यामुळे हळू वेगात ब्रेक लावला की "घुर्र… घुर्र…" असं थांबून थांबून येत होतं. या गाडीच्या टायरचा घेर साधारण 1.83 मीटर, म्हणजे ताशी 20 च्या वेगाला चाक सेकंदाला तीन वेळा फिरतं. आवाजही सेकंदाला तीनदाच येत होता. वेगाबरोबर ठोके वाढतात, म्हणजे आवाज चाकाचा आहे, हे एवढ्यावरून कळतं. हा ठसा दोन दिवसांत गेला. तो हजार किलोमीटरनंतरही राहिला असता तर डिस्क लेथवर फेसिंग करावी, म्हणजे घासून सपाट करावी लागली असती.

शृंगारतळीपर्यंत पोचेतो माझ्या मते प्रकरण संपलं होतं. खरखर गेली होती, पेडल छान लागत होतं. मग एका लांब उतारावर जरा जोराचा ब्रेक लावला आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढलं गेलं. थोडंच, पण ओढलं गेलं. आपल्याकडे उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीच्या बाजूला.

चिपळूणला थांबलो तेव्हा 45 किलोमीटर झाले होते. उजव्या पुढच्या चाकाची डिस्क आरशासारखी चकचकीत. डाव्या चाकाची बाहेरची बाजू अजून तपकिरी, मधे मधे चमक. स्टिअरिंग वळवून डाव्या डिस्कची आतली बाजू पाहिली तर ती एकदम लख्ख, जरा निळसरच.

मला गंजापेक्षा हा फरक महत्त्वाचा वाटला. एकच पाऊस, एकच मीठ, एकच रस्ता, तेच बारा ब्रेक. तरी चारपैकी एक पृष्ठभाग साफ झाला नाही. म्हणजे त्या पृष्ठभागावर पॅड दाबलाच जात नव्हता.

माझ्याकडे सोलर पॅनेलच्या कामासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर असतो. उतारावरून खाली आल्या आल्या दोन्ही डिस्कच्या टोपीवर, एकाच जागी धरून मोजलं. उजवीकडे 112 अंश, डावीकडे 74. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकतं, म्हणून आकडे खरे धरू नयेत, पण दोन्हीकडे सारख्या गंजलेल्या भागावर मोजलं तर तुलना चालते. डावा ब्रेक कमी काम करत होता. (डिस्कला हात लावून गरम-थंड बघणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्या बोटांवर त्याची खूणही पाहिली आहे.)

चाक उघडल्यावर

परतताना शृंगारतळीला एका मिस्त्रींकडे गेलो. सगळं ऐकून ते म्हणाले, "साहेब, डिस्कला काय झालेलं नाही. कॅलिपर जाम आहे. चाक खोलूया, मग बोलूया."

कॅलिपर म्हणजे दोन्ही पॅड धरून डिस्कवर दाबणारा चिमटा. या प्रकारच्या ब्रेकमध्ये तो दाब देणारा पिस्टन एकाच बाजूला, आत असतो. पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. मग त्याच्या उलट धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने ओढून आणतो. पिना मोकळ्या सरकल्या तरच दोन्ही पॅड सारखे दाबले जातात. पिन अडकली की आतला पॅड एकटा राबतो आणि बाहेरचा नुसता बघत बसतो. त्यामुळे पिना जाम झालेल्या ब्रेकमध्ये बाहेरची बाजू गंजलेली राहते आणि आतली झिजते. आमच्या डाव्या चाकाचं नेमकं तेच चित्र होतं.

खालच्या पिनेवरचा रबरी बूट फाटला होता. आत पाणी जाऊन पिन अशी धरली होती की मिस्त्रींनी पाइप लावून फिरवली तेव्हा ती सुटली. दुसरं कारण पॅडच्या कानांपाशी होतं. पॅडचे दोन्ही टोकांचे कान कॅलिपरच्या कंसात बसतात, आणि मधे स्टेनलेसच्या पातळ क्लिपा असतात. क्लिप गंजत नाही, पण तिच्याखालचा कंस ओतीव लोखंडाचा. तिथला गंज कुठे जाणार? गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त, कधी कधी त्याच्याही कितीतरी पट जागा घेतो. तो क्लिपेखाली फुगला, क्लिप वर उचलली गेली, आणि खाच अरुंद होऊन पॅडचे कान घट्ट धरले गेले. बाहेरचा पॅड हाताने निघेना, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटावा लागला.

म्हणजे फोटोत दिसत होता तो गंज निरुपद्रवी, आणि खोड्या करणारा गंज क्लिपेखाली, कुठल्याच फोटोत न दिसणारा.

मग पॅड मोजले. उजवीकडे दोन्ही साधारण 7 मिलिमीटर. डावीकडे बाहेरचा 8, आतला 4. इथे मी जरा गप्प झालो. आतल्या पॅडची ही जास्तीची झीज 45 किलोमीटरमध्ये होऊ शकत नाही, आणि 78 दिवस उभ्या गाडीत तर नाहीच. हा बिघाड हजारो किलोमीटर जुना होता. 38,000 ला पॅड बदलले होते, तेव्हा बहुधा जुन्याच क्लिपा, कंस न घासता, परत बसवल्या गेल्या. पिनेला ग्रीस लागलं होतं की नाही, देव जाणे. कोरड्या दिवसांत बाहेरचा पॅड निदान नावापुरता घासत असे, तेवढ्याने रोजची पावडर पुसली जायची आणि डिस्क दिसायला चांगली राहायची. म्हणून दोन सर्व्हिसिंगमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी स्वतःला गाडीची काळजी घेणारा समजतो.

पावसाने बिघाड केला नव्हता, उघडा पाडला होता. चारही पृष्ठभागांवर सारखा रंग लावून ठेवला, आणि कोणता पॅड काम करतो ते पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये दाखवून दिलं. ही तपासणी गॅरेजमध्ये पैसे देऊनही सहसा होत नाही.

डिस्क ठेवायची की टाकायची

हे डोळ्यांनी ठरत नाही, मोजून ठरतं. डिस्कच्या कडेला किंवा टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. आमची डिस्क नवी असताना 20 मिलिमीटरची, किमान 18. मोजायला साधा व्हर्निअर लावला तर त्याचे जबडे कडेच्या उंचवट्यावर टेकतात आणि जाडी खोटी वाढते. मायक्रोमीटर नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना, पॅड घासतो त्या भागावर, एकेक नाणं धरायचं, नाण्यांसकट मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. मिस्त्रींकडे मायक्रोमीटर होता. उजवी 19.2, डावी 19.0. दोन्ही चालण्यासारख्या.

डाव्या डिस्कच्या बाहेरच्या बाजूला बारीक खड्डे होते, नखाला जेमतेम लागणारे. नख अडकून थांबलं असतं, किंवा खड्डे एकमेकांना मिळून पट्टा झाला असता, तर ती डिस्क मी ठेवली नसती. तेव्हा जाडी कितीही असो, पॅड त्या पट्ट्यावर टेकत नाही आणि गंज आतून पुढे जात राहतो. आणि डिस्क बदलायची तर जोडीने, दोन्ही चाकांची.

कंस वायर ब्रशने लोखंड दिसेपर्यंत घासला. नव्या क्लिपा, नवे बूट, दोन्ही चाकांच्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस इथे लावू नये, त्याने रबर फुगतं आणि पिन परत धरते. पुढच्या पॅडचा सेट नवा. 4 आणि 8 चे पॅड आतबाहेर अदलाबदल करून चालवू, असा एक सल्ला शेजारच्या बाकावरून आला होता, तो मिस्त्रींनी नजरेनेच परतवला.

डिस्क परत बसवताना त्यांनी एक काम न सांगता केलं आणि मला माणूस आवडला. डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या हबचा जो सपाट भाग डिस्कला टेकतो, तो त्यांनी घासून साफ केला. तिथे गंजाचा एक कपटा राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते. सुरुवातीला कळत नाही. पण प्रत्येक फेऱ्याला तीच जागा पॅडला घासत राहते, डिस्कची जाडी जागोजागी कमी-जास्त होते, आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. त्याला लोक "डिस्क वाकली" म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते.

ब्रेक ऑइल तीन वर्षांचं होतं, ते बदललं. डॉट 4 या दर्जाचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं असताना ते किमान 230 अंशाला उकळायला हवं असं प्रमाण आहे, आणि 3.7 टक्के पाणी शिरल्यावर तीच मर्यादा 155 वर येते. घाट उतरताना हा फरक जाणवतो, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या गाडीने तीन वर्षं थांबणं जास्तच झालं होतं.

एकूण बिल 3,900 रुपये. घरी परतताना तोच उतार, तसाच ब्रेक. गाडी सरळ. थर्मामीटरवर उजवीकडे 98, डावीकडे 95. पाचशे किलोमीटरनंतर डाव्या डिस्कची बाहेरची बाजूही साफ झाली, बारीक ठिपके सोडून. ते ठिपके अजून आहेत आणि मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो.

यानंतर बदललेलं

गावाकडच्या मित्रांनी दोन उपाय सुचवले. एक, गाडी उभी करताना डिस्कवर तेलाचा फवारा मारायचा. हे कुणी करू नये, पॅड तेल पितो आणि मग ब्रेक लागतच नाही. दुसरा, आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून ठेवायचं. त्याने फार तर बॅटरीला काही मिळेल, डिस्क तिथल्या तिथेच राहते. तिला फिरायला हवं आणि तिच्यावर ब्रेक घासायला हवा.

एका मित्राकडे इलेक्ट्रिक गाडी आहे. त्याला वाटत होतं, हा पेट्रोलवाल्यांचा त्रास. उलट आहे. तिथे वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते, ब्रेक कमी वापरला जातो, आणि गंज घासून काढणारं कुणी उरत नाही. फोक्सवॅगनने आयडी.3 ला मागे पुन्हा ड्रम दिले, बंदिस्त ड्रममध्ये ही अडचण कमी. मित्राला सांगितलं, आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रिजनरेशन, म्हणजे मोटरने वेग कमी करणं, कमीत कमी करून पाच-सहा चांगले ब्रेक मार.

या जूनमध्ये गाडी लावण्याआधी चाकांच्या आतून साध्या पाण्याने मीठ धुतलं, मग दहा किलोमीटर फिरवून ब्रेक मारत डिस्क कोरड्या केल्या आणि तशीच आणून पडवीच्या बाजूला उभी केली. प्लास्टिकचं कव्हर मांगरात लाकडांवर टाकलं. हँडब्रेकच्या दांड्याला लाल सुतळी बांधली, भाच्यासाठी. दर रविवारी तो मोडकाआगरपर्यंत जाऊन येतो आणि चारही पृष्ठभागांचे फोटो पाठवतो, आतल्या बाजूचे स्टिअरिंग वळवून. पेट्रोलचे पैसे मी देतो, तो त्यात बहुधा मित्रांनाही फिरवतो.

मागच्या रविवारच्या फोटोत चारही करडे होते. राहिलंय ते मागच्या क्लॅम्पपाशी गंजलेल्या नळीचं. तेव्हा वरवर घासून रंग मारून वेळ निभावली होती. मिस्त्री म्हणतात, गणपतीच्या आधी गाडी आणा, नळीच बदलू. 20 तारखेची वेळ घेतली आहे.